जहाजाखालचा पाऊस

रुक्मिणबाईंचे कान ठणठणीत निघाले, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्यांच्या भाच्याला.

"असं कसं होईल मॅडम?" तो कागद उलटासुलटा करून बघत म्हणाला. "मी शेजारी बसून हाका मारतो. आत्या टीव्हीकडं बघत बसते."

"मग टीव्हीवर चांगलं काही लागत असेल," ऋतुजा म्हणाली.

लातूरच्या त्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऋतुजा कान तपासायची. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक जाड दाराची, आवाजबंद खोली होती आणि तिला काचेची खिडकी. पेशंट आत हेडफोन घालून बसायचा, ऋतुजा बाहेर यंत्रापाशी. ती यंत्रातून सूर सोडायची... जाड, बारीक, अगदी तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखे. ऐकू आला की आतल्या माणसानं हातातलं बटण दाबायचं, बाहेर लाल दिवा लागायचा. रुक्मिणबाईंनी एकही सूर चुकवला नव्हता. तरण्या पोरीला लाजवतील असे कान!

रुक्मिणबाई पदर सावरत खोलीतून बाहेर आल्या. "म्या म्हणलं न्हवतं? मला समदं ऐकू येतंय. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलताव." आणि उदगीरची गाडी चुकेल म्हणून तरातरा जिना उतरायला लागल्या.

भाचा मात्र दारातच घुटमळला. उंच, उन्हानं नाकावर रापलेला, शर्टाच्या बाह्या दोन वेगवेगळ्या उंचीवर दुमडलेला.

"रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा. रागवायचं की न्हाई ते नंतर ठरवते."

"तुम्ही सूर सोडता ना... तेव्हा तुमची डावी भुवई उडते."

"काय?"

"थोडीशीच. म्हणजे— दिसायला चांगली दिसते. पण उडते. आत्या काचेतनं तुमच्याकडंच बघत होती. तिनं कान लावलेच न्हाईत. डोळे लावले."

ऋतुजाला आधी राग आला, मग लाज वाटली. मग दोन्ही एकदम आल्यावर चेहऱ्याचं नेमकं काय करायचं ते तिला सुचेना. भुवईला हात लावावा तर ते अजून वाईट दिसलं असतं.

"तुम्ही डॉक्टर आहात?" तिनं जरा तोऱ्यातच विचारलं.

"न्हाई. मी समुद्रात असतो."

"लातूरच्या?"

तो हसला. त्याचं नाव आदिनाथ. उदगीरचा, पण काम रत्नागिरीला. समुद्रात माइक सोडायचे आणि बोटींच्या गोंगाटात डॉल्फिनला लाटा, पाऊस, मासे हे आपले रोजचे आवाज कसे ऐकू येत असतील त्याचा अभ्यास करायचा. परदेशात पाळलेल्या डॉल्फिनचे कान असेच तपासतात, त्यानं सांगितलं. सूर ऐकू आला की त्यानं फळीला नाक टेकवायचं, बरोबर निघालं की मासा मिळतो. "पण सूर सोडणाऱ्या माणसाला पडद्याआड उभं करावं लागतं. न्हाई तर डॉल्फिन कानानं ऐकायच्या आधी माणसाचं तोंड वाचतो."

"म्हणजे तुमची आत्या डॉल्फिन हाय."

"डॉल्फिनच्या वर हाय. तिनं माशाशिवाय फसवलं."

ऋतुजानं मुकाट्यानं भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर काढलं आणि खिडकीच्या काचेवर लटकवलं. रुक्मिणबाईंना जिन्यावरून परत बोलावलं. कॅलेंडर बघून त्यांचा चेहराच उतरला. "आता मला कसं कळायचं कवा दाबायचं ते?" त्या बोलून गेल्या, आणि तिथंच त्यांची तपासणी अर्धी झाली. उरलेली अर्धी यंत्रानं केली. दोन्ही कान बरेच उतरले होते. जाड आवाज येत होते, बारीक हरवत होते. मशीन लावावं लागणार होतं.

कॅलेंडर मग तिथंच राहिलं. ऋतुजा मात्र पहिल्यासारखी राहिली नाही. इतकी वर्षं आरशात बघूनही तिला ती भुवई दिसली नव्हती. या माणसाला ती एका बैठकीत दिसली. कशी दिसली? तो आत्याची तपासणी बघत होता की... बसमधून घरी जाताना ती खिडकीच्या काचेत स्वतःलाच निरखत बसली आणि एक थांबा पुढं उतरली.

कानाचं मशीन म्हणजे चष्म्यासारखं एका दिवसाचं काम नसतं. कानाचा साचा घ्यायचा, मशीन बसवायचं, आवाज कमी-जास्त करायचा, आठवड्यानं परत बघायचं. दर वेळी रुक्मिणबाईंना आदिनाथच घेऊन यायचा. आत्याच्या नातवाचं लग्न होईपर्यंत तो उदगीरलाच होता. समुद्रातल्या रेकॉर्डिंगचं काम घरी बसून कम्प्युटरवर करत होता.

आत्या दवाखान्यात बसून मशीनची सवय करायच्या, म्हणजे शेजारच्या बाईला तिच्या सुनेबद्दल विचारायच्या. ही दोघं खाली चहाला.

"समुद्रात शांत असेल ना?" तिनं एकदा विचारलं.

"छे! समुद्रासारखी बडबड कुठं न्हाई. एक बारकी कोळंबी असते, ती नांगी अशी मिटते की सगळ्या किनाऱ्यावर फुटाणे फुटल्यासारखं वाटतं. मासे जमून गुणगुणतात. आणि वर पाऊस पडला की तो खाली ऐकू येतो."

"खाली? पाण्यात?"

"खालीच तर जास्त. सगळ्या पाण्याला कळतं." त्यानं कप खाली ठेवला. "मग वरनं मासेमारीचा ट्रॉलर जातो. घर्र घर्र घर्र... आणि सगळं बुडतं."

"मग त्या बिचाऱ्यांना काय ऐकू येतं?"

"तेच तर मला कळंना. विचारता येत न्हाई. पण बघा, इंजिनचा आवाज एकसारखा नसतो. वर चढतो, खाली उतरतो. सगळा मिळून वर, सगळा मिळून खाली. तो उतरला की मध्ये बारकी फट पडते. त्या फटीतनं पाऊस ऐकायचा."

ऋतुजाला हे एकदम पटलं. ती राहायची ते तिच्या भावाचं, बालाजीदादाचं घर डाळ मिलच्या मागे होतं. मिल चालू झाली की ती आणि वहिनी अशाच बोलायच्या... मिलनं श्वास घेतला की एक वाक्य, परत सोडला की गप्प. पोळ्या होईपर्यंत एक गोष्ट पुरी व्हायची.

"तुमचे कान मला पाहिजेत," आदिनाथ म्हणाला.

तिनं कप तसाच ओठांशी धरला.

"म्हणजे— अभ्यासाला," त्यानं घाईनं सांगितलं. "माणसांचे कान पण तपासून बघायचेत. तुमचे सरावाचे हायत. मी जहाजाच्या आवाजाच्या क्लिपा पाठवीन. त्यात कुठंतरी पाऊस असेल. कुठं ते कळवायचं."

"बरोबर आलं की मासा?"

"चहा."

"तो तर आत्ताच पिऊन राहिले."

"मग हा आगाऊ."

चैत्र तापला होता. गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या आणि ऋतुजा गच्चीवरच्या सावलीत कानात पाऊस घालून बसायची. डोळे मिटले की आधी जहाज यायचं, छातीत धडधडल्यासारखं. मग फार मागून, कुणी सुपात तांदूळ हलवावेत तसं काहीतरी... आहे का? नाही... आहे. ती वेळ टिपून घ्यायची आणि कळवायची.

"आज पाऊस सुरुवातीलाच होता. मग जहाज त्याच्यावर बसलं."

"बरोबर. पण शास्त्रात 'बसलं' म्हणत न्हाईत. आवाज दबला म्हणतात."

"दबलेल्या आवाजाला आमच्याकडं सून म्हणतात."

यावर त्यानं हसणारी चार-पाच तोंडं पाठवली आणि मग खाली वेगळ्या ओळीत— "जेवलात का?"

बस. जेवलात का! ऋतुजा त्या दोन शब्दांकडं टाचणी हरवल्यासारखी बघत बसली. उदगीरचा माणूस 'जेवलात का' कुणालाही विचारतो. कंडक्टरला विचारतो, पोस्टमनला विचारतो. पण तो अभ्यासाच्या मेसेजखाली, वेगळी ओळ सोडून विचारतो का? आणि परवा चहाच्या टपरीवर ऊन तिच्या बाजूला आलं तेव्हा तो उठून तिकडं बसला. ते तिच्यासाठी की त्याला पंखा पाहिजे होता? पंखा त्याच बाजूला होता. घोळ तिथंच होता.

"कानात काय चालू हाय?" उज्वला वहिनींनी गच्चीवर वाळवण उलटताना विचारलं.

"जहाज."

"कुणाचं?"

"तसलं न्हाई वहिनी. खरंच जहाज हाय. ऐका."

वहिनींनी कानात घातलं, थोडं ऐकलं, काढून दिलं. "आपल्या मिलसारखंच हाय की. ह्याच्यासाठी उन्हात बसून राहिलीस?" मग खाली उतरताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "नाव काय जहाजाचं?"

नांदेडचं स्थळ आलं ते याच दिवसांत. ऋतुजाचे बाबा, देविदासराव, शिरूर अनंतपाळजवळ शेती करायचे. मामांनी सुचवलं, बाबांनी चौकशी केली, आणि एका सकाळी नांदेडचे पाहुणे लातूरला दादाच्या घरी येऊन पोहे खाऊन गेले. मुलगा उमाशंकर, कॉलेजात शिकवायचा. बोलायला नीट, हसायला नीट, पोहे सांडले नाहीत. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. आता मुलीकडच्यांनी नांदेडला घर बघायला जायचं ठरलं.

ते ठरलं त्या दिवशी आदिनाथची क्लिप आली. ऋतुजानं ती ऐकली. परत ऐकली. जहाज होतं, घर्र घर्र, आणि त्याच्या प्रत्येक फटीत पाऊस होता. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही... सबंध क्लिपभर झिरपत होता. इतका पाऊस त्यानं आजवर पाठवला नव्हता. तिचे डोळे उगाचच भरून आले. तिनं कळवलं— "सगळीकडं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

"त्यात पाऊस नव्हता. ती रिकामी होती. अधूनमधून रिकामी टाकावी लागते... ऐकणारा नुसता अंदाज करून राहिला का ते कळायला."

नंतर बराच वेळ 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. मग तेही दिसेनासं झालं.

ऋतुजानं फोन पालथा ठेवला. डाळ मिल चालू होती. तिला वाटलं, चला, बरं झालं, शास्त्रानंच सांगितलं. मला नसलेला पाऊस ऐकू येतो. मग चहाच्या बाकड्यावरचा, वेगळ्या ओळीतला, पंख्याच्या बाजूचा... तोसुद्धा तसलाच. त्या माणसानं काही पाठवलंच नव्हतं. मीच आपली बटण दाबत बसले.

त्यानंतरच्या क्लिपा तिनं उघडल्या नाहीत. 'दवाखान्यात गर्दी आहे' एवढं कळवलं. रुक्मिणबाईंच्या पुढच्या खेपेला तिनं मुद्दाम सुट्टी घेतली. त्यानंही काही विचारलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

नांदेडचं घर चांगलं होतं. दारात तुळस, आत कूलर, गच्चीवरून लांबवर गोदावरीचा पट्टा दिसायचा. मोठ्या माणसांनी दोघांना "बोला जरा" म्हणून गच्चीवर पाठवलं.

"मला मोकळं बोललेलं आवडतं," उमाशंकर म्हणाला. "नोकरी करायची असली तर करा. नांदेडला दवाखाने पुष्कळ हायत. आईचा स्वभाव तापट हाय, पण लगेच उतरतो. मी चहा करतो, भाजी न्हाई येत. तुम्हाला काही विचारायचं?"

तिला कौतुकच वाटलं. किती सरळ माणूस! तिनं विचार करून विचारलं, "तुम्हाला समुद्र आवडतो का?"

"गोव्याला गेलो होतो एकदा. लई गर्दी."

दोघंही हसले. माणूस खरंच चांगला होता. त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. कान ताणायची गरज नव्हती, डोळे मिटायची गरज नव्हती, हे माझ्यासाठी की पंख्यासाठी असलं काही नव्हतं. आणि ऋतुजा मनातल्या मनात गोंधळून गेली होती, की मग असं रितं का वाटतंय? सगळं ऐकू येत असताना, आपण अजून कशासाठी कान देऊन उभे आहोत?

परतीच्या एसटीत बाबा तिच्या शेजारी बसले.

"पोरगं वाईट न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

"तुला नको असंल तर नको म्हण. मी सांगतो त्यांना, मला काही त्याचं जड न्हाई. पण बाई, गप बसू नको. गप बसलं की लोक त्याला होकार समजतेत, हाव धरतेत. रविवारी मी त्यांना कळवतो म्हणलोय."

"बाबा, मला... कळंना झालंय."

"काय कळंना?"

ती तिकिटाची घडी घालत बसली. बाबांनी ताणलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, आणि मोठा भाग तिच्या हातावर ठेवला.

त्याच रविवारी उदगीरला रुक्मिणबाईंच्या नातवाचं लग्न होतं. पत्रिका त्यांनी स्वतः दवाखान्यात आणून दिली होती आणि वर बजावलं होतं, "तू यायलाच पायजे. मशीन घालून पयलंच लगीन ऐकलालेव मी. बिघडलं तर कुणाला हाका मारू?" नाही म्हणायची सोय नव्हती. ऋतुजा वहिनींना घेऊन गेली. मनाशी तिनं ठरवलं होतं— आत्याला भेटायचं, अक्षता टाकायच्या, निघायचं. बाबांना रस्त्यात फोन करून हाव सांगून टाकायचं. एकदाचा गोंधळ तरी संपेल.

पोचली तेव्हा परण्या निघाला होता. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो आणि सगळा गोतावळा त्याच्यामागं नाचतो, तो परण्या. पुढं बँड, मागं गाडीवर रचलेले भोंगे, मधे हलगी, आणि तिघांचाही एकमेकांशी काही संबंध नाही. उन्हं कलली होती. धुळीचा रंग केशरी झाला होता. भोंग्यांच्या दणक्यानं दुकानांच्या शटरचे पत्रे थरथरत होते.

रुक्मिणबाई कडेच्या ओट्यावर बसल्या होत्या. मशीन त्यांच्या मुठीत.

"आत्या, काढलं का?"

"ह्ये असलं ऐकायला पैसे घातले का माझ्या भाच्यानं?" त्या ओरडल्या. मग तिला जवळ ओढून घेत म्हणाल्या, "पेढे कवा? नांदेडचं ठरलं म्हणं तुझं!"

"कोण म्हणलं?"

"तुझ्या दवाखान्यातली पोरगी म्हणली. म्या आदिनाथला बी सांगितलं. तो उद्याच चाललाय रत्नागिरीला. चार रोज ऱ्हा म्हणलं तर ऐकना. जेवीनाच झालाय पोरगा, ह्या उन्हानं."

ऋतुजा आत्याकडं बघत राहिली. ऊन तर त्याला नवं नव्हतं.

आदिनाथ रस्त्याच्या पलीकडं उभा होता. डोक्यावर फेटा, तोही एका बाजूला कललेला. नाचत नव्हता. तिला बघितलं आणि हात वर करू की नको अशा बेतानं अर्धाच केला. तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. बाबा. तो तिनं तसाच वाजू दिला आणि नाचणाऱ्या पोरांच्या मधून वाट काढत पलीकडं गेली.

"कवा आलात?" त्याचे ओठ हलले. भोंग्यांनी बाकीचं खाल्लं.

तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला सरळ अर्धं फिरवलं. भोंगे त्याच्या पाठीला आले, ती तोंडासमोर. मशीन घेऊन जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला ती हेच शिकवायची... गोंगाटाला पाठ द्या, माणसाला तोंड द्या. आज पहिल्यांदा तिनं ते कुणाला हात धरून शिकवलं होतं. हात सोडायचं मात्र राहून गेलं.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"मला एकच सांगा. मी नसलेला पाऊस ऐकला. मान्य. पण क्लिपा सोडून द्या. ते उठून उन्हात बसणं, ते जेवलात का, ती भुवई... त्याच्यात काही होतं का? की ते बी रिकामंच होतं, मी अंदाज करून राहिले का ते बघायला?"

तो फेटा सावरायला लागला. हलगीवाल्यानं ठेका बदलला.

"आदिनाथ, आज गप बसायचा दिवस न्हाई. बाबा कळवायला बसलेत नांदेडला."

"अजून कळवलं न्हाई?" त्याचा आवाज एकदम वर गेला. "आत्या म्हणाली ठरलं!"

"आधी माझं उत्तर."

"होतं," तो म्हणाला. "सगळ्यात होतं. पहिल्या दिवसापासनं. आत्याकडं बघायच्या ऐवजी मी तुमच्याकडंच बघून राहिलो होतो, म्हणून तर ते दिसलं."

"मग बोलला का न्हाई?"

"खात्री नव्हती."

"कशाची? तुमची?"

"तुमची. वाटलं तुमच्याकडनं काही नक्की कळंल, मग बोलू. मग तुम्ही क्लिपाच उघडंना झालात..."

ऋतुजाला हसू आलं आणि रडूही, आणि नेहमीप्रमाणं दोन्ही एकदम. "आमच्याकडं असले पेशंट येतात," ती म्हणाली. "पक्की खात्री झाल्याशिवाय बटणच दाबत न्हाईत. कान चांगले असतात हो त्यांचे. पण कागदावर बहिरे निघतात."

तो ते ऐकून खाली बघायला लागला. मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही कळवलं ना, सगळीकडं पाऊस आहे म्हणून... मी लिहिलं होतं, की ज्याला पाऊस पाहिजे असतो त्यालाच नसलेला ऐकू येतो. आणि मला तसलंच माणूस पाहिजे. लिहिलं, आणि खोडलं."

"का?"

"शास्त्रात बसत नव्हतं."

"भोंगेवाले!" मागून कुणीतरी ओरडलं. "अजून वाढीव रे!" आणि आवाज खरंच वाढला. आदिनाथ तिच्या कानाशी वाकला. "एक सांगून ठेवतो. रत्नागिरीला घर न्हाई, खोली हाय. खिडकीतनं बंदर दिसतं आणि माशाचा वास येतो. आणि... मला बोट लागते. दर खेपेला ओकतो मी."

"समुद्राचा अभ्यास आणि बोट लागते?"

"कुणाला सांगू नका."

"मला काहीच कळंना," ऋतुजा म्हणाली. आणि ते खरं होतं. तिची नोकरी लातूरला, त्याचा समुद्र तिकडं, बाबांना काय सांगायचं, दादा काय म्हणेल. एकही गोष्ट सुटली नव्हती. फक्त ती आता एकटीच गोंधळलेली नव्हती, एवढाच काय तो फरक.

फोन परत थरथरला. या वेळी तिनं उचलला.

"बाई, नांदेडवाल्यांचे दोनदा फोन आले. काय सांगू?"

"न्हाई सांगा, बाबा."

"काय?"

"न्हाई म्हणून सांगा!"

"काय वाजून राहिलंय तिकडं? काय सांगू?"

"न्हाई सांगा नांदेडला!" ती इतक्या जोरात ओरडली, की घोड्यावरच्या नवरदेवानं मान वळवली आणि ओट्यावरच्या रुक्मिणबाईंनी मशीन घाईघाईनं कानात घातलं.

या खेपेला बाबांना ऐकू गेलं. मग बाबा म्हणाले, "बरं. सांगतो. पण मग... दुसरं कुणी हाय का? का नुसतंच न्हाई?"

तिनं आदिनाथकडं बघितलं. त्याला पलीकडचं काहीही ऐकू आलेलं नव्हतं, कसली खात्री नव्हती, काही नाही. त्यानं तिच्या हातातून फोन घेतला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे घट्ट मिटले.

"काका! मी आदिनाथ! उदगीरचा! नांदेडला न्हाई म्हणा... आणि मला हाव म्हणा!"

हलगीवाल्याचा हात थबकला, मागोमाग बँड आणि भोंगेही थांबले. उज्वला वहिनींनी गर्दीतून तोंडावर हात धरला आणि "हेच का ते जहाज" असं कुणाला तरी म्हणाल्या. आदिनाथ फोन कानाला लावून ऐकत उभा राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू फेट्याच्या रंगाचा झाला.

"काय म्हणाले?" ऋतुजानं विचारलं.

"म्हणाले, हळू बोल, मी बहिरा न्हाई." त्यानं फोन पुढं केला. "तुम्हाला द्या म्हणाले."

तिनं घेतला. भोंगे, बँड, हलगी, सगळं परत एकदम सुरू झालं होतं.

"हाव का गं?" बाबांनी विचारलं.

"हाव," ती म्हणाली. आता ओरडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. जेमतेम ओठ हलले. बँडनं तो शब्द तिच्या तोंडासमोरच गिळून टाकला, शेजारी उभ्या आदिनाथलासुद्धा तो ऐकू आला नाही.

"बरं," पलीकडून बाबा म्हणाले. "ऐकलं मी."